ड्युको: सरकीच्या लवीपासून बॉनेटखालपर्यंत

जुन्या फियाटच्या किंवा अ‍ॅम्बेसेडरच्या बॉनेटखालची जागा इंजिन न उतरवता रंगवायची, तर ‘ड्युको’ हा शब्द निघतोच. डबा कुठल्याही कंपनीचा असो, नागपूरचा गाडी-पेंटर आणि मुंबईचा फर्निचर-पॉलिशवाला दोघेही हेच नाव घेतात. मुळात ते अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने आपल्या लॅकरला दिलेले व्यापारी नाव. पुढे ते रंगाच्या जातीचेच नाव झाले.

या रंगाचे कूळ कापसात आहे. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. बासेलच्या शोनबाईन या रसायनशास्त्रज्ञाने 1846 मध्ये ते जगापुढे आणले, ते स्फोटक म्हणून. नायट्रोजनचे प्रमाण कमी ठेवले, तर हाच पदार्थ द्रावकात विरघळतो आणि वाळल्यावर कडक, चकचकीत पापुद्रा देतो. सरकीला चिकटून राहणारी आखूड लव तो बनवायला उत्तम चालते. नागपूरची एम्प्रेस ही कापडगिरणी 1877 पासून चालली ती कातता येणाऱ्या रुईवर. रसायनाच्या कारखान्यांना उपयोगी पडली ती मागे उरणारी लव.

सुरुवातीची अडचण दाटपणाची होती. द्रावण पातळ करावे तर त्यात रंगद्रव्य फार थोडे मावे. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 च्या सुमारास ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत हा दाटपणा उतरवण्याची रीत सापडली. जनरल मोटर्सच्या मदतीने तयार झालेला ड्युको 1923 मध्ये त्याच कंपनीच्या ओकलंड मोटारींवर आला. त्याआधी तेलाच्या वार्निशचे थर देऊन गाडी वाळायला आठवडे लागत. आता काम काही तासांवर आले.

ड्युको वाळतो तो केवळ थिनर उडून गेल्याने. त्याला भट्टी लागत नाही, म्हणून रबरी नळ्या, वायरी आणि इंजिन जागेवर असतानाही तो मारता येतो. नवा थर जुन्याला किंचित विरघळवून त्यात एकजीव होतो. त्यामुळे बॅटरीच्या ट्रेभोवतीचा एवढासा भागही दुरुस्त करता येतो. मात्र खाली तेलाचा सिंथेटिक रंग असेल, तर थिनरने तो सुरकुततो. तो आधी खरवडावा लागतो.

कामाचा क्रम ठरलेला आहे. इंजिन थंड करून बॅटरी काढायची, कारण थिनरची वाफ ठिणगीने पेटते. डिझेल किंवा रॉकेलच्या ब्रशने ग्रीसचा थर सोडवायचा, साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचे. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी प्लास्टिक व मास्किंग टेपने झाकायच्या. गंज पॉलिशपेपरने घासून उघड्या पत्र्यावर प्रायमर, खड्ड्यांत लांबी (पुटी), पुन्हा वॉटरपेपर आणि मग स्प्रेगनने पातळ थर. चेसिसवर ठोकलेला नंबर रंगाने बुजू द्यायचा नसतो. फेरनोंदणीच्या तपासणीत तो वाचता यावा लागतो. ब्रेकऑइल ड्युकोला मऊ करून उचलते, म्हणून गळती आधी बंद करायची.

नागपूरच्या हवेचा हिशेब वेगळा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा थिनर हवेतच उडतो आणि रंग पत्र्यावर कोरड्या भुकटीसारखा बसतो. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि रंगावर पांढरी झाक येते. सावकाश उडणारा थिनर दोन्हींवर उपाय आहे. तरी हिवाळ्यातले कोरडे, उबदार दिवस सर्वांत सोयीचे.

पुढे कारखान्यांनी भट्टीत भाजलेले एनॅमल आणि नंतर दोन घटकांचे पॉलियुरेथेन स्वीकारले. ते पेट्रोल, तेल आणि उन्हाला जास्त टिकतात. जुन्या गाडीची झाक मूळ पद्धतीनेच परत आणायची असली की मात्र ड्युकोचा डबा उघडला जातो. भारतात मूळ स्वरूपात जपलेल्या, 50 वर्षांहून जुन्या मोटारींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम 2021 मध्ये लागू झाले. अशा गाड्यांच्या जतनात या रंगाचे काम अजून शिल्लक आहे.