हद्दीपलीकडचे वॉरंट

"गुरुजी, तिकडचं पोलीस हितं येऊन माणूस नेऊ शकतंय का?"

काही वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची बायको दारात येऊन उभी राहिली. तो ऊसतोडीला परराज्यात गेला असताना त्याच्या मोटारसायकलचा धक्का लागून एका म्हाताऱ्याचा पाय मोडला होता. गावकीत पैसे देऊन प्रकरण मिटले, असे समजून तो घरी आला. पण गुन्हा नोंदला गेला होता. समन्स गेले कारखान्यावरच्या खोपीच्या पत्त्यावर आणि टोळी तर केव्हाच उठली होती. तारखा चुकत गेल्या आणि शेवटी पकड वॉरंट निघाले.

बाईचा प्रश्न साधा होता. पण आमच्या ईटमध्ये त्याला मोठा इतिहास आहे.

ईटपासून खर्डा जवळ. १७९५ च्या मराठे-निजाम लढाईचा तोच खर्डा. पण पूर्वी या दोन गावांमध्ये राज्याची हद्द होती. ईट मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात आणि खर्डा नगर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांकडे. माझा जन्म नंतरचा. वडील सांगत, कुणी भांडणात डोके फोडले की रातोरात हद्द ओलांडायचा, पाहुण्यांकडे राहायचा आणि इकडे निवले की परत यायचा.

हे कसे चालत असे? इंग्रज सरकार आणि निजाम यांच्यात १८६७ साली गुन्हेगार हवाली करण्याचा तह झाला होता. १८८७ साली त्यात दुरुस्तीही झाली. पण तह होता खून, दरोडा अशा ठराविक भारी गुन्ह्यांसाठी. किरकोळ मारामारीसाठी रेसिडेन्सीपर्यंत कागद कोण हलवणार?

हद्द किती पक्की होती याचे एक उदाहरण पाहा. शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचे वॉरंट घेऊन ब्रिटिश पोलिसांनी युसूफुद्दीन नावाच्या निजामाच्या प्रजाजनाला शंकरपल्ली रेल्वे स्टेशनवर पकडले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. निजामाने इंग्रजांना अधिकार दिला तो रेल्वेपुरता, शिमल्याच्या गुन्ह्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून ही अटक बेकायदा, असा निकाल १८९७ साली लागला.

पुढे १९४७-४८ मध्ये हीच हद्द आमच्या माणसांच्या उपयोगी पडली. निजामाच्या लेखी जे फरारी होते, ते बार्शी-सोलापूरच्या बाजूला स्वातंत्र्यसैनिक म्हणून छावण्यांत राहत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामाची राजवट संपली. १ एप्रिल १९५१ पासून भारताची फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्यालाही लागू झाली आणि १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो. आता एका न्यायालयाचे वॉरंट भारतात कुठेही बजावता येते.

म्हणून मी त्या बाईला म्हणालो, "नेऊ शकतात, बाई. पण असंच उचलून नाही."

वॉरंट काढणारे न्यायालय जिल्ह्याबाहेरचे आणि ३० किलोमीटरपेक्षा दूर असेल, तर अटक केलेल्याला साधारणपणे आधी जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर न्यावे लागते. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आरोपी जामीन द्यायला तयार असेल, तर तो मॅजिस्ट्रेट तिथेच जामीन घेतो आणि कागद मूळ न्यायालयाकडे पाठवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे.

आम्ही भूमला गेलो. आलेले दोघे पोलीस रात्रभराच्या प्रवासाने थकलेले होते. त्यांनी त्याला रीतसर न्यायालयात उभे केले. वकिलांनी गुन्हा जामीनपात्र असल्याचे दाखवले. मी सातबारा घेऊन जामीनदार झालो. पुढे तो तारखेला तिकडे गेला, त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि सुटला.

परतताना एसटीत तो म्हणाला, "गुरुजी, समन्स म्हणजे काय हेच मला ठावं नव्हतं."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. नागरिकशास्त्र मीच त्याला शिकवले होते. राष्ट्रपतींची निवड, राज्यसभेची मुदत, सारे पाठ करून घेतले होते. समन्स आले तर काय करावे, हे मात्र तीस वर्षांत एकाही वर्गाला सांगितले नाही.

हद्द गेली हे चांगलेच झाले. पण वॉरंट जिथवर पोचते, तिथवर त्याची माहितीही पोचायला हवी होती. ते काम माझे होते. आता कोयता घेऊन निघालेली पोरे निरोप घ्यायला आली, की मी त्यांना एवढेच सांगतो, "तिकडं काही झालं तर घरचा पत्ता लिहून द्या. आणि कागद आला तर तो घेऊन या, लपवू नका."