आजीच्या पुड्या आणि रॉचेस्टरचं इंजेक्शन

माझ्या आजीची बोटं वाकडी होती. कराडजवळच्या आमच्या गावी सगळे त्याला नुसतं ‘वात’ म्हणत. मे महिन्याच्या सुट्टीत गेलो की ती पहाटे चुलीपाशी हात शेकत बसलेली दिसे. तासाभरानं बोटं मोकळी झाली की मग भाकरी थापायला घेई. पुढे कुणीतरी तिला औषधाच्या पुड्या आणून दिल्या आणि आठ दिवसांत आजी विहिरीवरून पाणी आणू लागली! घरात सगळे पुडीवाल्याचे गोडवे गाऊ लागले. वर्ष-दीड वर्षात मात्र तिचा चेहरा सुजला, रक्तातली साखर वाढली आणि अंगणात साधं घसरण्याचं निमित्त होऊन खुब्याचं हाड मोडलं. पुड्यांत काय होतं, हे कुणी विचारलंच नाही.

तीन वर्षांपूर्वी सकाळी माझीच बोटं आखडू लागली. दिवसभर की-बोर्ड बडवतो, त्यामुळे असेल, म्हणून सहा महिने दुर्लक्ष केलं. शेवटी निदान झालं : ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. कॉम्प्युटरवाल्याच्या सवयीनं ‘हा बग आला कुठून?’ म्हणून याचा इतिहास वाचायला बसलो.

सांधेदुखीला आपण सरसकट संधिवात म्हणतो, पण वयाबरोबर गुडघे झिजतात ते वेगळं. माझ्या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर उलटते. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात ‘आमवाता’वर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातलं दुखऱ्या, सुजलेल्या सांध्यांचं वर्णन आजच्या रुग्णालाही ओळखीचं वाटेल. १८५९ साली लंडनच्या डॉ. आल्फ्रेड गॅरॉड यांनी हा आजार गाउटपासून वेगळा काढून त्याला आजचं नाव दिलं. १८९९ पासून ॲस्पिरिन मिळू लागली. दुखणं कमी होई, पण आजार आत चालूच राही.

१९२९ साली मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांना एक विचित्र गोष्ट दिसली. एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याची सांधेदुखी थांबली! गरोदरपणातही अनेक स्त्रियांना असाच आराम पडे. म्हणजे शरीरातच काहीतरी औषध असणार. तिथलेच एडवर्ड केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळं केलेलं एक द्रव्य २१ सप्टेंबर १९४८ रोजी एका २९ वर्षांच्या स्त्रीला टोचण्यात आलं. अंथरुणात कूस बदलणं जिला कठीण होतं, ती काही दिवसांत चालू लागली, बाजारात जाऊन आली. हेच कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधले राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

पण औषध थांबवलं की आजार परते. आणि मोठे डोस फार दिवस घेतले की चेहरा सुजे, साखर वाढे, हाडं ठिसूळ होत. इथे मी वाचता वाचता थांबलो. ही तर माझ्या आजीची केस होती! पुड्यांत बहुधा स्टिरॉइडच मिसळलेलं असावं.

स्टिरॉइड वाईट नाही. योग्य वेळी, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते आजही देतात. पण आजाराला मुळाशी आवर घालणारी औषधं नंतर आली. कॅन्सरसाठी वापरलं जाणारं मेथोट्रेक्सेट १९८८ साली अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालं. १९९२ मध्ये लंडनला मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी सूज भडकवणाऱ्या ‘टीएनएफ’ या रेणूलाच अडवणारं औषध रुग्णांना देऊन पाहिलं, आणि ते लागू पडलं. मी आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट घेतो, ठरल्या वेळी रक्त तपासतो, रोज चालतो. बोटं अजून सरळ आहेत.

वाचकहो, सकाळी अर्ध्या-एक तासाहून जास्त वेळ सांधे आखडत असतील, सुजत असतील, तर माझ्यासारखे सहा महिने घालवू नका. आणि या रविवारी भारतात फोन कराल तेव्हा ‘गुडघे कसे आहेत?’ एवढ्यावर थांबू नका. ‘नवीन औषधानं एकदम बरं वाटतंय’ असं उत्तर आलं, तर त्यात काय आहे ते विचारा. एकदम बंद करायला सांगू नका, तेही धोक्याचं असतं. औषध घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगा. आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला असता, तर आजी कदाचित आणखी काही वर्षं स्वतःच्या पायांनी अंगणात फिरली असती.