ऑस्वेगोचं आइस्क्रीम आणि एपी इन्फो

पीएसएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, शिकवणाऱ्या माझ्या पिढीतल्या कुणाहीपुढे ऑस्वेगो म्हणा, त्याला व्हॅनिला आइस्क्रीम आठवेल. १८ एप्रिल १९४० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात, लायकमिंग नावाच्या खेड्यात, चर्चच्या तळघरात सामुदायिक जेवण झालं. पदार्थ गावकऱ्यांनीच घरून करून आणले होते. त्याच रात्री लोकांना मळमळ, उलट्या, जुलाब सुरू झाले. ८० जेवणाऱ्यांपैकी ७५ जणांची चौकशी झाली, त्यांत ४६ आजारी निघाले. कोण काय जेवलं, किती वाजता जेवलं, त्रास कधी सुरू झाला, सगळं टिपून घेतलं गेलं. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेल्या ५४ जणांत ४३ आजारी, न खाल्लेल्या २१ जणांत फक्त ३. म्हणजे खाणाऱ्यांचा धोका साडेपाच पटींहून जास्त.

या ७५ माणसांची यादी आमच्यापर्यंत पोचली ती एपी इन्फो या संगणक प्रोग्रामबरोबर. अटलांटाच्या सीडीसी या अमेरिकी सरकारी संस्थेतले डॉ. अँड्र्यू डीन आणि त्यांचा शाळकरी मुलगा जेफ्री यांनी हा प्रोग्राम घडवला. पहिली आवृत्ती १९८५ ची, डॉसवर चालणारी. हाच जेफ्री पुढे गूगलमधला नामवंत संगणकतज्ज्ञ झाला. पण माझ्या लेखी त्याचं पहिलं मोठं काम हेच. नंतर जागतिक आरोग्य संघटनाही या कामात आली. पाचवी आवृत्ती १९९० मध्ये आणि सहावी १९९४ मध्ये निघाली. आपल्याकडे सर्वांत जास्त रुजली ती सहावी.

त्याआधी आमच्या थिसिसचं काम कसं चाले, हे आजच्या रेसिडेंटना सांगावं लागतं. भल्यामोठ्या कागदावर मास्टर चार्ट आखायचा. एका रुग्णाची एक ओळ, एका प्रश्नाचा एक रकाना. मग पट्टी ठेवून एकेक रकाना वाचायचा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा खुणा करत मोजायचं आणि शेवटी कॅल्क्युलेटरवर काय-स्क्वेअर काढायचा. गाईडनी ‘हेच वयोगटानुसार करून आण’ म्हटलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. म्हणून कितीतरी प्रश्न आम्ही आमच्याच माहितीला विचारलेच नाहीत. महागडी सांख्यिकी पॅकेजेस होती, पण ती जिल्ह्याच्या गावातल्या विभागाला परवडणारी नव्हती.

एपी इन्फोत प्रश्नावली टाइप करायची, तीच संगणकाचा फॉर्म व्हायची. वयापुढे हॅशच्या दोन खुणा टाकल्या की दोन आकडी जागा तयार. ती फाइल ‘क्यूईएस’, भरलेली माहिती ‘आरईसी’ फाइलमध्ये. या दोन्हींच्या मध्ये ‘चेक’ नावाचा भाग होता आणि मला विचाराल तर सगळ्या प्रोग्रामचं मोल त्यातच होतं. वय अमुक मर्यादेबाहेर गेलं तर घ्यायचं नाही, हा रकाना मोकळा सोडता येणार नाही, पुरुष असेल तर गरोदरपणाचे प्रश्न ओलांडून पुढे जा, असे नियम आधीच घालून देता येत. चुकीचा आकडा आत शिरतानाच अडे. प्रश्न विचारणारा, माहिती भरणारा आणि तक्ता काढणारा एकच डॉक्टर असला की चुका कुठे होतात हे त्याला कळतं. ही शिस्त लावणारं दुसरं साधन तेव्हा आमच्या हाती नव्हतं.

मग ‘अ‍ॅनालिसिस’ उघडायचं, ऑस्वेगोची फाइल वाचायला सांगायची आणि एका ओळीत टेबल्स, व्हॅनिला, इल असे तीन शब्द टाइप करायचे. पडद्यावर टू बाय टू टेबल येई. खाली ऑड्स रेशो, त्याच्या कॉर्नफील्ड मर्यादा, रिलेटिव्ह रिस्क, तीन प्रकारचे काय-स्क्वेअर. एखाद्या घरातली अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली तर फिशरची चाचणी आपोआप. सॅम्पल साइझसाठी ‘स्टॅटकॅल्क’, मुलांच्या वजन-उंचीसाठी ‘एपीनट’. कुपोषणावर थिसिस करणाऱ्यांना एपीनटने झेड स्कोअर काढून दिले. एरवी प्रत्येक मुलासाठी संदर्भ तक्ते उलटत बसावं लागलं असतं.

सर्वांत मोठी गोष्ट परवानगीची. प्रोग्राम आणि पुस्तिका दोन्हींच्या प्रती काढा, वाटा, भाषांतर करा, असं पुस्तिकेतच स्पष्ट लिहिलेलं होतं. छापील प्रत हवी असेल तर जॉर्जियातल्या स्टोन माउंटनची एक कंपनी विकत देई. नको असेल तर मित्राकडून फ्लॉपी घ्या, कुणाचीही चोरी नाही. अमेरिकी करदात्याच्या पैशातून झालेलं काम असं कुणाही डॉक्टरच्या टेबलावर येऊन पोचलं, याबद्दल मला आजही मनापासून कृतज्ञता वाटते.

२००० साली विंडोजची आवृत्ती आली. ती अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसवर उभी होती, आणि डॉसमधला सुटसुटीतपणा गेला असं मला वाटलं. तसं वाटणारे इतरही होते. त्याच सुमारास डेन्मार्कच्या ओडेन्समध्ये जेन्स लॉरिट्सन आणि मायकेल ब्रूस यांनी एपीडेटा तयार केलं. त्यांनी क्यूईएस-आरईसीची जुनी घडी सांभाळली आणि तीच माहिती दोनदा भरून ताडून पाहण्याची सोय दिली. अँड्र्यू डीन यांनी पुढे केव्हिन सुलिव्हन आणि मिन मिन सो यांच्याबरोबर ओपनएपी केलं, जे ब्राउझरमध्येच चालतं. एपी इन्फोच्या सातव्या आवृत्तीचा तर मूळ कोडही खुला आहे. आज ‘आर’ ही सांख्यिकीची संगणकभाषा शिकणाऱ्यांना ही साधनं जुनी वाटतात. आरची ताकद मोठी, पण तालुक्याच्या डॉक्टरला साथीच्या धावपळीत ती शिकायला सवड कुठून मिळणार?

म्हणून पीएसएमच्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. विद्यार्थ्याला आधी एक टू बाय टू टेबल हाताने सोडवायला लावा, मगच संगणक द्या. थिसिसमध्ये सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती नीट लिहून घ्या. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनो, तुमच्या गावातल्या जुलाबाच्या साथीची यादी वरच्या कार्यालयात पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका. तक्ता तुम्हीच काढा. त्यासाठी लागणारं सगळं फुकट मिळतं.