महिला आशियाई फुटबॉल चषक स्पर्धा, २०२२

आशिया खंडातील राष्ट्रीय महिला संघांची अजिंक्यपद स्पर्धा. या मालिकेतील विसावी स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात महाराष्ट्रात मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरली. विश्वचषकाची पात्रता ठरविणारी ही स्पर्धा यजमान संघाच्या अकाली निर्गमनामुळे विशेष लक्षात राहिली.

पहिली स्पर्धा १९७५ साली हाँगकाँग येथे झाली व न्यूझीलंड विजेता ठरला. पुढील स्पर्धांपैकी एक कालिकत (कोझिकोड) येथे भरली. तीत भारताला उपविजेतेपद लाभले. १९८३ मध्येही भारत उपविजेता होता. त्यानंतर मात्र चीन, जपान, उत्तर कोरिया यांसारख्या संघांनी या खेळात मोठी आघाडी घेतली. २०२२ मध्ये संघांची संख्या आठावरून बारा झाली आणि यजमान या नात्याने भारताला पात्रता फेरी न खेळता प्रवेश मिळाला.

नवी मुंबईबरोबर अहमदाबाद व भुवनेश्वर या दूरच्या शहरांत सामने घेण्याची मूळ योजना होती. करोनाच्या साथीमुळे संघांचा प्रवास कमी करणे व खेळाडूंना बाह्य संपर्कापासून दूर ठेवणे आवश्यक ठरले. म्हणून ही दोन केंद्रे वगळून मुंबई व पुणे यांची निवड झाली. पुण्यातील सामने मुळशी तालुक्याच्या सीमेलगतच्या म्हाळुंगे–बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धांचे सामनेही झाले होते.

भारताने पहिल्या सामन्यात इराणशी ०–० अशी बरोबरी केली. पुढील सामना २३ जानेवारीस चिनी तैपेईशी होता. तथापि अनेक खेळाडू करोनाबाधित झाल्याने नियमानुसार आवश्यक असलेले किमान तेरा खेळाडूही उपलब्ध होऊ शकले नाहीत. आशियाई फुटबॉल महासंघाच्या नियमांन्वये संघाने स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानण्यात आले व इराणबरोबरचा निकालही रद्द झाला. मैदानावर पराभूत न होता यजमान संघ बाद झाला आणि विश्वचषकाकडे जाण्याची वाटही बंद झाली.

उर्वरित स्पर्धा मात्र ठरल्याप्रमाणे पार पडली. बालेवाडीच्या मैदानावर दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाचा १–० असा पराभव केला. तेथेच फिलिपीन्सने चिनी तैपेईशी १–१ अशी बरोबरी साधून पेनल्टी फटक्यांवर विजय मिळविला व प्रथमच विश्वचषकाची पात्रता प्राप्त केली. उपांत्य फेरीत चीनने जपानला २–२ अशा बरोबरीनंतर पेनल्टी फटक्यांवरच हरविले. नवी मुंबईतील अंतिम सामन्यात मध्यंतरास ०–२ असा पिछाडीवर असलेला चीन दक्षिण कोरियावर ३–२ असा विजयी झाला. निर्णायक गोल भरपाईच्या वेळेत शाओ युयी हिने केला. चीनचे हे नववे विजेतेपद होय. सर्वाधिक सात गोल ऑस्ट्रेलियाच्या सॅम कर हिने केले. व्हिएतनामनेही याच स्पर्धेतून पहिल्यांदा विश्वचषक गाठला.

ज्या विश्वचषकासाठी ही पात्रता होती, तो २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या दोन देशांनी संयुक्तपणे भरविला. यजमानपद वाटून घेतल्याने मैदाने, निवास व खर्च यांचा भार विभागला जातो. परंतु प्रवास वाढतो. महाराष्ट्रात प्रवासाचा प्रश्न केंद्रे जवळ आणून सोडविला गेला; मात्र संसर्गाला केंद्रांमधील अंतर हा अडथळा नव्हता. यजमानपदाने भारताला केवळ प्रवेश दिला होता. पुढे २०२५ मध्ये पात्रता फेरीत थायलंडला त्याच देशात २–१ असे हरवून भारतीय संघाने तो प्रवेश स्वकर्तृत्वाने मिळविला.