नगराने बांधलेली शाळा

राजवाड्यांचा आणि किल्ल्यांचा इतिहास आपण आवडीने ऐकतो. प्राथमिक शाळेच्या इमारतीचा इतिहास सांगावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जपानमधील मात्सुमोतो या डोंगरांनी वेढलेल्या नगरात मात्र अशी एक शाळा आहे की, तिला राष्ट्राने आपल्या अमोल ठेव्यांत स्थान दिले आहे. तिचे नाव काइची, म्हणजे बुद्धीचे द्वार उघडणे.

१८७२ मध्ये जपान सरकारने शिक्षणाचा हुकूम काढला. कोणत्याही घरात अशिक्षित माणूस राहू नये, हा त्याचा हेतू. हेतू थोर खरा, पण खर्चाचा मोठा भार प्रजेच्याच माथी आला. फी भरावी लागे, शिवाय शेतावर राबणारे हात कमी होत. १८७३ मध्ये काही प्रांतांत संतप्त शेतकऱ्यांनी शाळा जाळल्या. त्याच वर्षी मात्सुमोतो येथे, बंद पडलेल्या एका बौद्ध मठात, काइची शाळेचे वर्ग भरू लागले.

१८७६ मध्ये शाळेची स्वतःची इमारत उभी राहिली. खर्च सुमारे ११,००० येन. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. तिचा सुमारे सत्तर टक्के भाग नगरवासीयांच्या वर्गणीतून आला. उरलेल्या रकमेत पाडलेल्या मठांच्या जुन्या सामानाचा पैसाही होता.

ही इमारत बांधणारा तातेइशी सेइजू हा तेथलाच सुतार. तोक्यो व योकोहामा येथे जाऊन त्याने पाश्चात्त्य धर्तीच्या इमारती पाहिल्या आणि परत येऊन आपल्या हाताला ठाऊक असलेल्या रीतीने काम केले. लाकडी सांगाड्यावर गिलावा देऊन दगडी बांधकामाचा भास आणला. माथ्यावर अष्टकोनी मनोरा चढविला. दर्शनी भागी खाली पौर्वात्य ड्रॅगन कोरला आणि वर शाळेचा नामफलक धरणारे दोन देवदूत बसविले. हे देवदूत कोणत्या चर्चमधून आलेले नव्हेत. तोक्योच्या एका वृत्तपत्राच्या सचित्र अंकाच्या शीर्षावरून ते घेतलेले आहेत! खिडक्यांना परदेशी काचा होत्या, म्हणून लोक तिला काचेची शाळा म्हणत.

परंतु शाळेचे मोठेपण काचांत नव्हते. १८९० मध्ये तेथे वारंवार नापास होणाऱ्या मुलांसाठी निराळा वर्ग निघाला. पुढे, पोटासाठी दुसऱ्यांची तान्ही मुले सांभाळणाऱ्या मुलींनाही शिकविण्याची सोय झाली. ज्यांना शाळा सहज परत पाठविते, अशीच ही मुले.

१९६३ पर्यंत, म्हणजे ८७ वर्षे, या इमारतीत मुले शिकली. मग नदीच्या रुंदीकरणासाठी जागा सोडावी लागली. तेव्हा नगराने मुख्य इमारत सुटी करून किल्ल्याच्या उत्तरेस पुन्हा उभारली. आता तेथे शाळेचे संग्रहालय आहे. २०१९ मध्ये तिला राष्ट्रीय ठेवा म्हणून मान मिळाला. आधुनिक काळातील शालेय इमारतीस हा मान प्रथमच लाभला.

आपल्याकडे शाळेचे छप्पर गळू लागले की आपण सरकारकडे अर्ज धाडतो. तो धाडलाच पाहिजे. पण ज्या भिंतीत आपल्या घरचे चार पैसे गेले आहेत, ती भिंत पडू देताना माणूस दहा वेळा विचार करतो, हे मात्सुमोतोच्या नगरवासीयांनी दाखवून दिले आहे.