बिडाच्या तव्याची कूळकथा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, लढाया येतात, तहनामे येतात. आमच्या रायगड जिल्ह्यात तर हे अधिकच खरे, कारण राजधानीचा किल्लाच आमच्या उशाशी. परंतु आज मी आपल्याला किल्ल्यावर नेणार नाही. आपल्याच घराच्या माजघरातून पुढे, स्वयंपाकघरात नेणार आहे. तिथे चुलीवर किंवा आता गॅसच्या शेगडीवर एक काळी, जड, दिसायला ओबडधोबड अशी वस्तू असते. तिला आपण बिडाचा तवा म्हणतो. हा तवा आपल्या घरी कधी आला, कोठून आला, आणि तो येण्यापूर्वी आपल्या पणज्या घावन कशावर घालीत होत्या, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर सहज मिळत नाही. राजांनी दाने दिली ती ताम्रपटांवर कोरली गेली, सावकारांनी कर्जे दिली ती खतावण्यांत उतरली. पण पेणच्या एखाद्या आगरी घरातील बाईने पहाटे उठून किती भाकऱ्या थापल्या आणि कशावर भाजल्या, याची नोंद कोणी ठेवली? म्हणून अशा इतिहासाचा पुरावा दप्तरात कमी आणि शब्दांत, कथांत व भांड्यांत अधिक सापडतो.

पहिला पुरावा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. मुक्ताबाईने मांडे भाजायचे ठरविले, विसोबा चाटीने कुंभारांना तिला खापर देऊ दिले नाही, आणि मग ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त करून आपली पाठ तापविली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाविक तिच्यातला चमत्कार पाहतो. इतिहासाचा शिक्षक एक निराळीच गोष्ट पाहतो. मांडे भाजण्याचे साधन आणायला मुक्ताई लोहाराकडे गेली नाही, कुंभाराकडे गेली! म्हणजे कथा सांगणाऱ्यांच्या मनात मांड्याचे भांडे मातीचे होते. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मंडकाची कृती आहे, तीही मातीच्या खापरावरचीच.

दुसरा पुरावा कोकणी शब्दाचा. दक्षिण कोकणात नारळाच्या गोड रसाबरोबर खायची खापरोळी करतात. आज ती बहुतेक घरी बिडाच्या तव्यावर होते, पण नाव मात्र खापराचे राहिले आहे. भांडे बदलले, नाव बदलले नाही. शब्द हे असे जुन्या काळाचे साक्षीदार असतात. मात्र साक्षीदाराची उलटतपासणीही करावी लागते, बरं का! आमच्या जिल्ह्यात पोलादपूर नावाचा तालुका आहे, म्हणून तिथे एके काळी पोलादाचे कारखाने होते, असे केवळ नावावरून म्हणू लागलो तर तो इतिहास नव्हे.

आता कोणी म्हणेल, मग काय आपल्याकडे लोखंड नव्हते? होते, आणि फार पूर्वीपासून होते. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे महापाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. ती अडीच हजार वर्षांहून जुनी मानली जाते. आमच्या डोक्यावरच्या सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या रानात, धावड नावाचे लोक जांभ्या दगडातील खनिजापासून लोखंड काढीत. एकोणिसाव्या शतकात जंगलांवर निर्बंध आले, कोळसा मिळेना, बाहेरचे स्वस्त लोखंड आले आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या.

पण या भट्ट्यांतले लोखंड निराळे. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. धावडांच्या भात्यांना ती साधत नसे. त्यामुळे लोखंडाचा रस होत नसे. मऊ, मळीने भरलेला गोळा निघे. तो ठोकून ठोकून मळी काढायची आणि मग लोहाराने त्याचा फाळ, कोयता, विळा, उलथने घडवायचे. हे घडीव लोखंड. गावच्या बारा बलुतेदारांत लोहार होता, तो याच लोखंडावर जगत होता. त्याने घडविलेला पातळ तवा ज्यांना परवडे त्यांच्या घरी असे. इतरांच्या घरी खापर.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात दोन ते चार टक्के कार्बन मुरलेला असतो. त्यामुळे ते सुमारे १२०० अंशांच्या आतच वितळते, पाण्यासारखे साच्यात ओतता येते. चिनी लोकांना ही विद्या इसवी सनापूर्वीच अवगत होती. युरोपात ती पुष्कळ उशिरा पोहोचली. आता गंमत पाहा. इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीचा उगम शोधू गेलो तर आपण एका भांड्यापाशी येतो. अब्राहम डार्बी नावाच्या कारागिराने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी हंड्या ओतण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. त्या स्वस्त ओतता याव्यात म्हणून १७०९ मध्ये कोलब्रुकडेल येथे त्याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळले. पुढे यंत्रे आली, लोखंडी पूल आले, आगगाड्या आल्या. पण आरंभी होती ती गरिबाच्या चुलीवरची हंडी.

हे बीड आमच्या किनाऱ्यावर तोफ होऊनही आले. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चाकांच्या गाड्यांवरील दोन तोफा आहेत. सहलीला विद्यार्थी नेले तर त्यांच्यावरील अक्षरे अवश्य वाचायला लावा. इंग्लंडातील यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव तिथे आहे. तोफ आणि तवा एकाच कुळातले, एवढे मुलांना त्यावरून कळेल.

महाराष्ट्राच्या मातीत बिडाला मान मिळवून दिला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. बेळगावला १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, पण लोखंडाने जमिनीला विष चढते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पुढे कोल्हापूर, बेळगाव हा सारा पट्टा ओतकामाच्या कारखान्यांनी गजबजला. आमच्या पेण-रोह्याकडे अशी भट्टी नव्हती, पण मुंबईचे पाणी जवळ होते. पेणचे अंतोरे बंदर, अंबा नदीवरचे धरमतर आणि नागोठणे, कुंडलिकेवरचे रोहे, या खाड्यांतून भात आणि मीठ मुंबईला जाई आणि मुंबईचा माल परत येई. ओतीव तवेही याच वाटेने आले असणार, असा माझा तर्क आहे.

आणि आले ते योग्य घरी आले! कारण आमचा मुलूख भाताचा. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही. घावनाचे पीठ ताकाहून थोडे दाट, ते कडेकडेने फिरवीत तव्यावर ओतायचे. तवा पातळ असेल तर पीठ पडताक्षणी थंड होतो आणि घावन चिकटून बसते. बिडाचा तवा जाड. तो हळू तापतो, पण एकदा तापला की उष्णता सोडत नाही. पीठ पडते, चुर्र होते, जाळी उठते, आणि कडा आपोआप सुटतात. आंबोळीचेही तेच. उकड काढून थापलेली तांदळाची भाकरी या तव्यावर करपत नाही. पावसाळ्यात बोंबील, मांदेली, आणि नशीब असेल त्या दिवशी खाजणातल्या जिताड्याची तुकडी, हळद-मीठ-तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून या तव्यावर ठेवली की तिला येणारी खरपूस पापडी दुसऱ्या भांड्यात येत नाही. आमच्याकडचे प्रसिद्ध पोहेसुद्धा लोखंडाचेच ऋणी आहेत. भिजवलेले भात तापल्या लोखंडी कढईत भाजायचे आणि गरम असतानाच चेपायचे, तेव्हा पोहा होतो.

तव्याला तेल लावायची आमच्या आईची पद्धत अशी : अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा. वर्षानुवर्षे असे तेल भाजत गेले की त्याचा एक कठीण, गुळगुळीत, काळा थर लोखंडाशी एकजीव होतो. ‘तवा वळणावर आला’ असे आई म्हणे. रसायनशास्त्र त्याला निराळे नाव देते, पण गोष्ट एकच.

मात्र लोखंडाचा एक स्वभाव आहे, त्याला आंबट सोसत नाही. वालाचे बिरडे आमच्या भागाचे भूषण, पण आमसूल घातलेले बिरडे लोखंडी कढईत राहिले तर काळवंडते आणि चवीला लोखंडी लागते. आंबटपणाने लोखंड विरघळून अन्नात उतरते. आपले पूर्वज हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत, त्यातही लोखंड असेच काळे होई. म्हणून बिरडे कल्हईच्या भांड्यात आणि घावन बिडावर, अशी वाटणी आपल्या आज्यांनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ठरविली होती.

मग हा तवा मागे का पडला? १८९८ मध्ये मद्रासला आल्फ्रेड चॅटरटन यांनी ॲल्युमिनियमची भांडी करण्यास आरंभ केला. भांडी हलकी, स्वस्त, गंजाची भीती नाही. मग स्टील आले. १९३८ मध्ये अमेरिकेत टेफ्लॉनचा शोध लागला आणि १९५६ च्या सुमारास फ्रान्समधून न चिकटणारे तवे बाजारात आले. बायकांनी जड तवा उचलायचे नाकारले, यात त्यांचा दोष नाही. विहिरीवरून पाणी आणून मनगट दुखले असेल तर हलके भांडे हे सुखच आहे.

पण जाताना या तव्याने काही नेले. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ५७ स्त्रिया रक्तक्षय झालेल्या आढळल्या. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. इथिओपियात मुलांच्या कुटुंबांना लोखंडी आणि ॲल्युमिनियमची भांडी देऊन एक प्रयोग झाला. १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोखंडी भांड्यांतले अन्न खाणाऱ्या मुलांत रक्तक्षय कमी आढळला. म्हणून तवा हे औषध आहे, असे मी म्हणत नाही. रक्तक्षयाला कारणे अनेक, आणि डॉक्टरांच्या गोळ्या तव्याने टळत नाहीत. पण जेवणातला एक फुकटचा लाभ आपण अडगळीत टाकला, एवढे खरे.

मी स्वतः तरी काय केले? आईच्या पश्चात तिचा तवा माझ्याकडे आला. एका सकाळी मी मोठ्या उत्साहाने घावन केले आणि तापलेला तवा तसाच नळाखाली धरला. कट् असा आवाज झाला. कडेपासून मध्यापर्यंत तडा गेला. घडीव लोखंड वाकते, बीड वाकत नाही, तडकते, हे वर्गात शिकविणाऱ्या माणसाने ते असे शिकावे! आत्या तेव्हा घरी होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, ‘‘अरे, हा माझ्या आज्जेसासूच्या वेळचा. तू मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.’’

तिचे ते ‘विचारलं असतंस तर’ माझ्या मनातून जात नाही. तव्याबरोबर तो वापरण्याचे ज्ञानही तडकते, आणि ते कोणत्याही दप्तरात नसते. म्हणून माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना एक दिवस गृहपाठ द्या. घरातले सर्वांत जुने भांडे कोणते, ते कोणी आणले, त्यात काय शिजत असे, हे आजीला विचारून दहा ओळी लिहून आणायला सांगा. पेण-रोह्याच्या शाळांतून अशा वह्या जमल्या, तर ज्या इतिहासाची नोंद कोणी ठेवली नाही, त्याची पहिली नोंद आपली मुले ठेवतील.

आणि तवा तापलेला असेल, तर तो निवेपर्यंत पाणी घालू नका!