रेवदंड्याच्या वाडीत, 1879

पौषातली पहाट. साल 1879. तुम्ही रेवदंड्याच्या एका वाडीत उभे आहात. पायाखाली ओल, कानावर रहाटाची कुरकुर, आणि पोर्तुगीजांच्या पडक्या कोटापलीकडे भरतीची गाज. माडी काढणारा भंडारी सरसर माडावरून उतरतो. कमरेला धारदार कोयता, सोबत भोपळ्याचा तुंबा. माडाच्या फुलोऱ्याची पोय उमलण्याआधीच त्याने ती दोरीने आवळून बांधली आहे. सकाळ-संध्याकाळ तिचं टोक कागदाइतकं पातळ छाटायचं, की खालच्या मडक्यात रस ठिबकत राहतो.

पहिला घोट चुना लावलेल्या मडक्यातला. चुन्याने आंबणं रोखलेलं, म्हणून ही नीरा, निव्वळ गोड. दुसरा घोट बिनचुन्याचा. पांढुरकी माडी, कडेला बारीक फेस. जिभेवर आधी बुडबुडे टोचतात, मग गोडी उतरते, तिच्या पाठोपाठ पिकल्या केळ्याचा वास येतो आणि शेवटी आंबट धारेने घसा लख्ख होतो.

"ऊन चढायच्या आत प्या, पावणं," भंडारी बजावतो. रसात आपसूक उतरलेलं यीस्ट रात्रभर राबलेलं आहे. दुपारी हीच माडी बिअरइतकी चढेल, उद्यापर्यंत आंबून शिरक्याच्या वाटेला लागेल.

तिकडे बोहेमियातल्या पिल्सेनमध्ये 1842 साली योसेफ ग्रोलने सोनेरी पिल्सनर बिअर केली, तिची रीत उलटी. थंड तळघरात आठवडेच्या आठवडे मुरवायची, हॉप्सच्या फुलांनी कडवटपणा आणि टिकाऊपणा आणायचा. आजच्या काही पिल्सनरना आंब्या-संत्र्याचा वास येतो तो हॉप्सच्या तेलांतून. तुमच्या वाटीतला केळ्याचा वास आंबताना तयार झाला आहे. पिल्सनर टिकली, म्हणून जगभर गेली. माडी वाडीतच राहिली.

तिथेही तिला सुख नाही. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने माड छेदायला परवाना आणि कर लागतो. उरणच्या भट्ट्यांत निघणारी मोहाची दारू एका जागी मोजता येते, तिच्यावर पहारा बसवता येतो. वाडीवाडीत, तासातासाला बदलणारा रस सरकारी वहीत कसा मावणार? मग कर झाडावरच बसतो आणि तो भरायचा भंडाऱ्याने.

म्हणून वाटी खाली ठेवताना माडीला गरिबाची नशा म्हणून हिणवू नका. काही तासच जगणारी ही चव नेमक्या वेळी उतरवायला पिढ्यांचं कसब लागतं. पिल्सनरचं कौतुक करताना ग्रोलचं नाव घेतलं जातं. माडीचं कौतुक करताना भंडाऱ्याचं घ्यायला हवं.